ढोकरी, नेचा आणि दहापैकी शून्य

लीले, तुझ्या भावाचं कार्ड आलं ते कोपरा फाटलेलं. अशुभ कळवायचं कार्ड कोपरा फाडूनच टाकतात, हे काय मला माहीत नाही? तरी मी पोस्टमनला उंबऱ्यात थांबवून विचारलं, "हे तुमच्या पिशवीत फाटलं का?" तो बिचारा खाली बघून सायकलवर बसला. मग मी कार्ड उलटसुलट केलं, अक्षर बघितलं, शिक्का बघितला. कुणीतरी चेष्टा करत असेल असं वाटलं. तूच करत असशील, असंही वाटलं. तुझ्यावर संशय घ्यायची सवय एवढी मुरली होती की तुझ्या मरणावरसुद्धा मी आधी संशयच घेतला.

असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आईनं तीनदा बजावलं. मी फाडलं नाही. पुस्तकात ठेवलंय.

काल तुझ्या घरून परत आले. सांगायचं बरंच आहे, आणि त्यातलं बरंचसं तुला आधीपासून ठाऊक होतं असं आता कळतंय. तरी क्रमानं सांगते. मला क्रमानंच सांगता येतं, तू हसायचीस त्याला.

मी अशी का झाले तेही तुला ठाऊक आहे. आमचं हळदीचं दुकान. वडील वरची हळद बघून कधी पोतं घ्यायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातलं हळकुंड काढायचे, मोडायचे, वास घ्यायचे. मी लहानपणापासून तेच बघितलं आणि माणसांच्याही तळात हात घालायची खोड लागली. नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या ऑफिसात तू माझ्याकडे बघून हसलीस, तेव्हाच माझ्या मनात आलं, ही उगीच का हसते?

पलूसला आपल्या दोघींना मिळून एकच खोली मिळाली, उसाच्या रानाला लागून. मालक फौजेतून आलेले. बाईमाणसं राहणार म्हणून त्यांनी मोरीला नवीन दार बसवून दिलं. तू पाचगणीच्या खालच्या गावातून एक ट्रंक, एक वळकटी आणि तुपाच्या डब्यात लावलेलं एक झुडूप घेऊन आलीस. झुडूप मोरीच्या खिडकीत ठेवलंस, अंघोळीचं पाणी उडेल असं.

"हे काय गं?"

"नेचा. आमच्या कड्यावरचा."

मला वाटलं, हेडमास्तरांवर छाप पाडायला आणला असणार. शास्त्राच्या बाई, स्वतःची वनस्पती घेऊन आल्या. वरून तर त्यात काहीच नव्हतं, साधा हिरवा. तू एक पान अलगद उलटं करून दाखवलंस. पाठीला पांढरी पूड होती, चांदीची घासून लावावी तशी. म्हणालीस, "हे हातावर दाबलं की पानाचा छाप उठतो. लहानपणी आमी हेच दागिने घालायचो."

"दाखव की."

"पान तोडावं लागंल. न्हाई तोडायची मी."

तू हट्टाला पेटलीस की शाळेतली भाषा सुटायची आणि घरची यायची.

तशी आपली जोडी विचित्रच होती. मी दिवस मावळायच्या आत जेवून हात धुणार, आणि मग तू स्टोव्ह पेटवणार. मला कांदाबटाटा चालत नाही, तुला त्याच्याशिवाय घास उतरत नाही. पहिल्या वर्षीच मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस तू शाळेतून धावत यायचीस आणि ऊन असतानाच मला मुगाचं कढण भरवायचीस. मी प्रत्येक वाटीचा वास घ्यायचे. हिनं चवीला कांदा घातला असेल, असा मला संशय. तू वाटी नाकापाशी धरायचीस आणि म्हणायचीस, "घ्या, तपासणी करा, मग गिळा." एकदाही कांदा नव्हता. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

भांडणं मात्र रोजची. टॉवेलवरून, कंदिलाच्या काचेवरून, रेडिओवरून. एकदा नेच्याचं एक पान गेलं, ऐन नागपंचमीला. त्या दिवशी कापू नये, चिरू नये, तोडू नये, हे तुझ्याकडे फार कडक. तू मोरीतून बाहेर आलीस ती तोंड पाडूनच. "पान कुणी तोडलं?" मी म्हटलं, "मालकांच्या मांजरानं तोडलं असेल." तू मांजराला काही बोलली नाहीस आणि मलाही नाही. दोन दिवस गप्प होतीस. एका पानासाठी एवढं काय, असं मला वाटलं होतं.

आणि ती ढोकरी, बगळ्याच्याच जातीतली. खोलीमागच्या पाटात ती रोज सकाळी उभी असायची. मातीच्या रंगाची आणि मातीतच उभी, त्यामुळे दहा पावलांवर गेलं तरी दिसायची नाही. मान आत ओढून, डोळा पाण्यावर. मग एकदम उडाली की पंख पांढरेशुभ्र. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकले होते, मातीचं ढेकूळ उडालं म्हणून.

"ढोंगी आहे," मी म्हणायचे. "साधू बनून उभी राहते आणि बेडूक गिळते. पांढरे पंख लपवून ठेवते. त्यापेक्षा तुझा नेचा बरा. सरळ आहे."

"नेचा सरळ?" तू म्हणालीस. "त्याला फूल न्हाई, फळ न्हाई, बी कुठं असतं ते कुणाला दिसत न्हाई. आणि पांढरं तोही पाठीलाच ठेवतो. दोघं एका जातीची आहेत ती."

"म्हणजे दोघं लपवतात."

"मिरवत न्हाईत, सुमे. लपवणं वेगळं आणि न मिरवणं वेगळं."

हा वाद आपण चार वर्षं घातला. दुष्काळाच्या उन्हाळ्यात नेचा वाळून तपकिरी झाला, पानं मुठीसारखी मिटली, तेव्हा मी म्हटलं, गेला हा, टाकून दे. पाण्याची मारामार असताना तू तोंड धुतलेलं पाणी त्याला घालत राहिलीस. मग एका सकाळी मधूनच एक हिरवी गुंडाळी वर आली. तू मला हाताला धरून मोरीत नेलंस. "बघ. मान आत घेऊन बसलीय, तुझी ढोकरी." मला पटलं होतं, पण मी हो म्हटलं नाही.

त्याच वर्षी सहामाहीला नववीचा शास्त्राचा पेपर माझ्याकडे आला. अ तुकडी माझी, ब तुकडी तुझी, पेपर दोघींचा एकच. मुलं गाइडमधले 'फरक सांगा' घोकून यायची. मी ठरवलं, गाइडात नाही असं काहीतरी विचारायचं. आणि खरं सांगू? आपल्या वादात कोण बरोबर, ते मला मुलांकडून वदवून घ्यायचं होतं. शेवटचा प्रश्न घातला, 'ढोकरी आणि नेचा यांची तुलना करा. साम्य व फरक दोन्ही लिहा. गुण दहा.' तुझं अक्षर वाटोळं, म्हणून सगळ्या पेपरांची छपाईची स्टेन्सिल तूच कापायचीस. हा प्रश्न कापताना तू नुसती हसलीस. तेही मी मनात टिपून ठेवलं.

उत्तरं काय आली म्हणतेस! ढोकरी हलते, नेचा हलत नाही. ढोकरी मासे खाते, नेचा मासे खात नाही. एकानं लिहिलं, नेचा उडत नाही कारण तो पुस्तकात असतो. असे सत्तर पेपर तपासून झाले आणि मग तुझ्या तुकडीतल्या मंगलचा पेपर हातात आला. गावाच्या कडेला राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी मंगल. तिनं लिहिलं होतं:

'ढोकरी पाण्यात उभी राहते व नेचा पाण्याजवळ उभा राहतो. दोघेही घाई करत नाहीत. नेच्याचे नवे पान ढोकरीच्या मानेसारखे आत वळलेले असते. दोघेही वरून साधे दिसतात, म्हणून लोक त्यांच्याकडे बघत नाहीत. दोघांचेही पांढरे आत असते. ढोकरीचे उडाल्यावर दिसते व नेच्याचे हातावर दाबल्यावर दिसते. फरक असा की ढोकरी स्वतः उडून दाखवते. नेच्याला दुसऱ्याचा हात लागतो.'

मी ते तीनदा वाचलं. अंगावर काटा आला, आणि मग डोकं फिरलं. पलूसच्या काळ्या रानात राहणाऱ्या मुलीला ती पूड कशी ठाऊक? पुस्तकातल्या नेच्याला पूड नाही. सगळ्या पंचक्रोशीत तसला नेचा एकच, आपल्या मोरीत. आणि पेपर फुटायच्या जागा दोनच, एक मी आणि दुसरी तू.

तू तांदूळ निवडत होतीस. मी पेपर तुझ्यासमोर आपटला.

"तू सांगितलंस ना हिला?"

तू वाचलंस. तुझे डोळे भरून आले. तेव्हा मला वाटलं, पकडली गेली म्हणून रडते.

"नाही," तू म्हणालीस.

"मग हातावर दाबल्यावर दिसतं, हे हिला कुणी सांगितलं?"

तू पेपर खाली ठेवलास. "सुमे, जरा आठवून बघ."

"मी काय आठवू? पेपर मी काढला, स्टेन्सिल तू कापलीस. तिसरं कोण होतं?"

"एकदा न्हाई म्हटलंय. दुसऱ्यांदा म्हणायची न्हाई."

आणि खाली बघून पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. तुझं ते गप्प बसणं मला ढोकरीसारखं वाटलं. आत काहीतरी दाबून, साधू बनून बसलेलं.

मी दहापैकी शून्य दिलं. लाल पेनानं, कागद फाटेल एवढं दाबून. मंगलचा नंबर पहिल्या तिघांतून खाली गेला. पेपर फेरतपासणीला तुझ्याकडे आले, बेरजा बघून तू सगळ्यांवर सही केलीस, त्या एकावर केली नाहीस. तोही मला पुरावाच वाटला. हेडमास्तरांना सांगत नाही एवढे उपकार समज, असं तुला म्हणाले. दिवाळीनंतर मी दुसरी खोली घेतली आणि जूनपासून सांगलीच्या शाळेत नोकरी धरली. निघताना तू टांग्यापर्यंत माझी ट्रंक उचलून आणलीस. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

मग चार वर्षं काही नाही. अधूनमधून तुझं पत्र यायचं, नेच्याला किती पानं आली, ढोकरी आली का गेली, एवढंच. मी उत्तरात माफीची एक ओळ शोधायचे. तुझ्याकडून आलेली. ती नसायची, म्हणून मी दोन ओळींत पत्र संपवायचे.

गेल्या थंडीत तू सांगलीला औषधाला आलीस. पिवळी पडली होतीस. "कावीळ आहे, जाईल," म्हणालीस आणि मला घाटावर घेऊन गेलीस. कृष्णेच्या कडेला, कपडे धुणाऱ्या बायकांच्या पलीकडे एक ढोकरी उभी होती. आपण दोघी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होतो. फार दिवसांनी बरं वाटत होतं मला.

"अजून आठवलं न्हाई का गं तुला?" तू विचारलंस.

मी लगेच ताठ झाले. "काय आठवायचंय? तूच सांगून टाक काय ते."

तू हसलीस. नेमकी तेव्हाच कुणीतरी कपडा आपटला आणि ढोकरी उडाली, पंख पांढरेफेक उघडून. तू बोटानं दाखवलंस आणि म्हणालीस, "बघ, हिला कुणी विचारलं नव्हतं, तरी दाखवलं." मग तुझ्या गाडीची वेळ झाली. तुझं माझं शेवटचं बोलणं ते. मी घरी येऊन त्यातसुद्धा टोमणा शोधत बसले.

तर परवा मी तुझ्या घरी गेले. साताऱ्याला गाडी बदलली, वाईला बदलली. वाटेत मनाशी ठरवत होते की आता तरी मला खरं कळायला हवं. तू गेलीस, आता कोण सांगणार, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. बघ, कसली बाई मी.

तुझ्या आईंनी चहा आणून दिला. "तुमीच व्हय त्या सांगलीच्या बाई? लीला लय नाव काढायची तुमचं."

"काय म्हणायची?" मी लगेच विचारलं.

"म्हणायची, लय संशयी हाय, पर माजी हाय."

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात आतून एक मुलगी आली, डोळे सुजलेले, हातात तुझ्या साड्यांच्या घड्या. मी ओळखलं नाही. तीच वाकून पाया पडली. मंगल. मास्तरणीचा कोर्स करते आता, सांगलीतच. तुझ्या आजारपणात दर सुटीला यायची म्हणे. माझ्या गावात राहून ती तुझ्याकडे यायची आणि माझ्या दारात कधी आली नाही.

मी तिला अंगणात पेरूखाली बसवलं आणि थेट विचारलं. "मंगल, आता लीलाबाई नाहीत. आता तरी खरं सांग. त्या नेच्याचं तुला त्यांनीच सांगितलं होतं ना?"

ती चटकन म्हणाली, "आवं बाई, तुमीच की."

"मी?"

"मी सहावीत हुते तवा. नागपंचमीला आमी समद्या पोरी तुमच्या अंगणात झोक्यावर आलो हुतो. तुमी समद्यास्नी मेंदी लावली. मी शेवटची. माज्या वक्ताला वाटी रिकामी झाली, आन् मी रडाया लागले. तवा तुमी मोरीत गेलासा, एक पान आणलंसा आन् माज्या मनगटावर दाबलंसा. म्हणालासा, ही घे चांदीची मेंदी, पर कुणाला सांगू नगंस, न्हाईतर लीलाबाई मला घराभाईर काढतील."

लीले, तिनं सांगितलं आणि मला सगळं दिसलं. तिचं बारकं काळं मनगट, त्यावर उठलेलं पांढरं पान, आणि ते बघून तिचं रडू थांबलेलं. पान मागच्या बाजूला उसात टाकून मी हात धुतले होते. मग तू आलीस आणि मी मांजराचं नाव घेतलं. एवढ्यांदा मांजराचं नाव घेतलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांत हात घालत फिरले, माझ्या स्वतःच्या पोत्याचं तोंड कधी सोडलं नाही.

"मग शून्य दिलं तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"तुमीच म्हणाला हुता, कुणाला सांगू नगंस."

"आणि लीलाबाईंना?"

"त्यांनी पंचमीलाच माजा हात बघितला हुता, आडावर. हसल्या निस्त्या. शून्य मिळालं तवा मी पेपर घेऊन त्यांच्याकडं रडत गेले. त्या म्हणाल्या, बाईंना आठवंल तवा बाईच दुरुस्त करतील. आपण आठवण करून द्यायची न्हाई."

मी तिथंच पेरूखाली रडले. तुझ्या घरी दुःखाला आलेल्या बायकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला लाज वाटत होती. चीडही आली होती तुझी. एका शब्दानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? "मेंदी आठव" एवढं म्हणायचं. घाटावर तरी म्हणायचं. चार वर्षं, लीले! मी असले संशयी, तर तूही काही कमी हटवादी नव्हतीस. हे भांडण अजून राहिलंय आपलं, ते मी सोडणार नाही.

आईंनी आतून एक कागद आणला. मंगलच्या पेपरचं ते पान, घडीवर विरलेलं. माझं शून्य तसंच होतं, मोठं आणि रागीट. आणि त्याच्या उजवीकडे, लागूनच, तुझी सही. हात कापत असताना केलेली, अलीकडची. तुला आठवतो ना आपला नियम? दिलेले गुण बदलले तर शेजारी दोघींच्या सह्या लागतात. आहे तशा शून्याशेजारी सही कुणी करत नाही. तू दुरुस्तीची सही आधीच करून ठेवली होतीस, दुरुस्ती तेवढी राहिली होती.

माझ्या पर्समध्ये लाल पेन असतंच. शून्याच्या डावीकडे मी एक काढला. तुझ्या सहीखाली माझी सही केली. मंगलनं पान हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, "पैकीच्या पैकी, बाई?" मी म्हटलं, "उशिरा दिले म्हणून कापले नाहीत." मग तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू द्या. तुझी मागायला मात्र उशीर झाला. चुकलं माझं, लीले.

निघताना मी आईंना विचारलं, हे पान इतके दिवस तुमच्याकडे होतं, मग मी आल्या आल्या का नाही दिलंत? माझा स्वभाव, विचारल्यावाचून राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "तिनंच सांगितलं हुतं. त्या बाई येतील, मंगलला इचारतील, मगच द्या. त्याआधी देऊ नका."

म्हणजे मी येणार, आणि मी विचारणार, याची तुला खात्री होती. चार वर्षं दोन ओळींची पत्रं लिहिणाऱ्या बाईवर एवढा विश्वास. मी जन्मात कुणावर ठेवला नाही तेवढा.

नेचा आईंनी मला दिला. तोच तुपाचा डबा, बुडाला गंजलेला. एस.टी.त सांगलीपर्यंत मांडीवर धरून आणला आणि आमच्या मोरीच्या खिडकीत ठेवला. सकाळी तोंड धुतलेलं पाणी घातलं. पान उलटं करून बघितलं, तोडलं नाही. आमच्या घरी खरंच एक मांजर आहे, म्हणून मोरीचं दार तेवढं लावून घेते.